मैत्रीतली दुसरी बाजू

(मंडळाच्या वाचक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देते. मी साहित्याची अभ्यासक नाही. ३४ वर्षं बँकेत आकडे मांडले आणि उरलेल्या वेळात हाताला लागेल ते वाचलं. चिटणीसांनी फोन करून सांगितलं, "ताई, वर्षभरात जे वाचलं त्यावर अर्धा तास बोला." मी हो म्हटलं आणि मग धास्तावले. कारण मी वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवते. तारीख, पुस्तकाचं नाव आणि खाली दोन ओळी. सवय बँकेची, दुसरं काय! गेल्या गणपतीपासून या आषाढापर्यंत त्या वहीत २७ पुस्तकं झाली आहेत. एकेकावर दोन मिनिटं बोलले तरी तुमचा चहा थंड होईल.

म्हणून वही चाळली आणि स्वतःलाच विचारलं, या सगळ्यांतून तुझ्या मनात उरलं काय? प्रेमकथा उरल्या नव्हत्या. कुणाचा खून कुणी केला तेही विसरले होते. उरल्या होत्या त्या मैत्रीच्या जोड्या. तेव्हा आज मी माझ्या आवडत्या जोड्यांविषयी बोलणार आहे. आणि त्या जोड्यांनी या वर्षी मला एक गोष्ट करायला लावली, तेही शेवटी सांगेन.

सुरुवात घरच्याच जोडीपासून करू. चिमणराव आणि गुंड्याभाऊ. घरच्या अशासाठी म्हणते, की हे दोघं पुस्तकात पुण्याला राहत असले तरी त्यांचा जनक आपल्या बडोद्याचा. चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवत, संस्थानच्या दफ्तराचं कामही पाहत. म्हणजे घुमटाच्या त्या इमारतीत दिवसा बौद्ध ग्रंथ शिकवायचे आणि घरी येऊन चिमणरावांची फजिती लिहायची, असा हा माणूस. माझ्या पिढीतल्या अनेकांना ही जोडी दूरदर्शनवरच्या दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपातच आठवते. पण मूळ पुस्तक पुन्हा वाचून बघा. माझ्याकडची 'चिमणरावाचे चऱ्हाट'ची प्रत फार जुनी आहे. कव्हर केव्हाच गेलंय, शिवण उसवलीय, तरी गेल्या दिवाळीत ती पुन्हा काढली आणि फराळाचं करताकरता वाचली. चकल्या दोनदा करपल्या.

चिमणराव किरकोळ, भित्रे, संसारी. गुंड्याभाऊ धिप्पाड, हातात सोटा, सडाफटिंग. चिमणरावांनी घोळ घालायचा आणि गुंड्याभाऊनं तो निस्तरायला जाऊन आणखी वाढवायचा. तसा तो नात्यातला भाऊच, पण नात्यापेक्षा मैत्रीच जास्त. या वेळी वाचताना मात्र माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी आधीच्या तीन-चार वाचनांत आली नव्हती. हे सगळं सांगतंय कोण? चिमणराव. गुंड्याभाऊ किती रागीट, किती हट्टी, कसा ऐनवेळी धावून आला, हे सगळं आपण चिमणरावांच्या तोंडून ऐकतो. गुंड्याभाऊला बोलायला मिळतं, सांगायला मिळत नाही. त्यानं जर कधी त्याच सोट्यासारखं दणकट चऱ्हाट वळलं असतं, तर त्यात चिमणराव कसे दिसले असते?

मग मला नादच लागला. मी वहीतल्या प्रत्येक जोडीपुढे लिहायला लागले, सांगणारा कोण? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'मध्ये बंडूनाना आणि पांडूतात्यांच्या गमती सांगतो तो सुदामा. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'मध्ये सुऱ्या, चित्रे आणि फावड्या या कंपूची गोष्ट सांगतो तो मुकुंद जोशी. आपण म्हणतो अमुक दोघांची मैत्री, तमुक चौघांची मैत्री. पण पुस्तकात बहुतेक वेळा ते एकाचं खातं असतं. जमा काय, नावे काय, सगळं एकाच्याच हाताने लिहिलेलं. बँकेत असं खातं चाललं नसतं.

आता जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध जोडीकडे येते. शेरलॉक होम्स आणि डॉक्टर वॉटसन. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना आधी मराठी अनुवादांतून वाचलं असेल. या वर्षी मी सगळा होम्स ओळीने वाचून काढला. ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा, एकूण ६०. त्यातल्या ५६ वॉटसननं सांगितल्या आहेत. होम्स तुसडा आहे, अहंकारी आहे, वॉटसनला सरळसरळ मूर्खात काढतो आणि वॉटसन ते हसून लिहून ठेवतो. १८९३ मध्ये कॉनन डॉयलनं होम्सला धबधब्यात लोटून मारून टाकलं. पुढे १९०३ मध्ये वाचकांच्या आग्रहापुढे नमून परत आणलं. कथेतला हिशेब बघा. होम्स तीन वर्षं जिवंत आहे, जग हिंडतोय, पण वॉटसनला एक चिठ्ठी नाही. वॉटसन त्याला मेलेला समजून दुःख गिळत राहिला. आणि होम्स अचानक समोर उभा राहिल्यावर वॉटसन काय करतो? आयुष्यात पहिल्यांदाच बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर आल्यावर लगेच आनंदी होतो. भांडत नाही. मला त्याचा राग आला. अरे, निदान एकदा तरी विचार, की मला का नाही कळवलंस?

तर अशा या होम्सच्या दोन कथा अशा आहेत की त्या तो स्वतः सांगतो. दोन्ही १९२६ मधल्या, म्हणजे जवळजवळ शेवटच्या. त्यातली एक कथा एका सैनिकाची आहे, जो लढाईवरून परत आल्यावर अचानक नाहीसा होतो. गंमत अशी, की वॉटसन फार रंगवून लिहितो अशी कुरकुर होम्स वर्षानुवर्षं करत आलेला. शेवटी वॉटसन म्हणतो, मग तूच लिहून बघ. होम्स लिहायला बसतो आणि कबूल करतो की वाचणाऱ्याला गोडी लागेल असं लिहिणं वाटलं तितकं सोपं नाही. पण माझं लक्ष पुढच्या एका वाक्यावर अडलं. तो जाताजाता सांगून टाकतो की त्या सुमाराला वॉटसन लग्न करून निघून गेला होता, आपल्या इतक्या वर्षांच्या संगतीत त्यानं केलेली तेवढीच एक स्वार्थी गोष्ट, आणि मी एकटा होतो.

मी पुस्तक मिटून बसले. इतक्या कथा आपण वॉटसनच्या चष्म्यातून पाहिलं की होम्सला कुणाचीच गरज नाही. वॉटसनलाही तेच वाटत होतं. आणि इथे दुसरी बाजू एका वाक्यात बोलली. वॉटसन ज्याला संसार समजत होता, त्याला होम्स सोडून जाणं समजत होता. मनातलं दोघांनीही एकमेकांना सांगितलेलं नव्हतं.

दुसरं पुस्तक लहानसं आहे. फ्रेड उलमन या लेखकाचं 'रीयुनियन'. १९७१ मध्ये आलेलं, शंभरेक पानांचं, दोन दुपारांत वाचून होणारं. जर्मनीतलं श्टुटगार्ट शहर, साल १९३२. हान्स हा एका ज्यू डॉक्टरचा मुलगा. त्याच्या वर्गात कॉन्राडिन नावाचा मोठ्या सरदार घराण्यातला मुलगा येतो. वय सोळा. त्या वयात मैत्री कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. एकमेकांना दाखवायला जमवलेल्या वस्तू, कविता, लांबलांब फिरणं. मग एके दिवशी संगीत नाटकाच्या थिएटरात कॉन्राडिन आईवडिलांबरोबर समोरून येतो आणि हान्सला ओळख न दाखवता निघून जातो. नंतर तो खुलासा करतो की त्याच्या आईला ज्यूंचा तिटकारा आहे. पुढे हिटलर सत्तेवर येतो, हान्सचे आईवडील त्याला अमेरिकेला पाठवतात. निघताना कॉन्राडिनचं पत्र येतं. ते पत्र वाचून हान्सप्रमाणे आपणही त्या मित्राच्या नावावर काट मारतो.

बऱ्याच वर्षांनी हान्सकडे त्याच्या जुन्या शाळेकडून एक पुस्तिका येते. युद्धात मेलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी. तो सगळी यादी वाचतो, पण मित्राच्या आडनावाचं अक्षर असलेलं पान टाळतो. शेवटी ते उघडतो. त्या पानावर मित्राच्या नावापुढे जे छापलंय ते पुस्तकाचं शेवटचं वाक्य. ते मी सांगणार नाही, तुम्ही वाचा. एवढंच सांगते की त्या एका वाक्यात दुसऱ्याची बाजू येते आणि तोवर आपण मांडलेला सगळा हिशेब चुकतो.

आता मला माझ्या यादीतली एक उणीव सांगितली पाहिजे. आतापर्यंत मी सांगितलेल्या सगळ्या जोड्या पुरुषांच्या आहेत. भगिनींनी नोंद घेतली असेलच. काऊला कुणी मैत्रीण होती का? चिमणरावांनी त्याकडे फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही. आपल्या बायकांच्या मैत्र्या विहिरीवर झाल्या, नळावर झाल्या, हळदीकुंकवात झाल्या, बँकेत डबा खाताना झाल्या. पुस्तकात त्या मानानं कमी आल्या. म्हणून मुलीनं वाढदिवसाला एलेना फेरांतेच्या चार कादंबऱ्यांचा संच दिला तेव्हा मी हरखले. मूळ इटालियन, मी अर्थात इंग्रजीतून वाचल्या. पहिली कादंबरी २०११ मध्ये आली, चौथी २०१४ मध्ये. फेरांते हे टोपणनाव आहे.

नेपल्स शहरातल्या गरीब वस्तीतल्या दोन मुली, एलेना आणि लीला. लीला चांभाराची मुलगी, विलक्षण हुशार. पण प्राथमिक शाळेनंतर तिचं शिक्षण थांबतं. एलेना शिकत जाते, मोठी लेखिका होते. साठ वर्षांची मैत्री आहे ही. त्यात माया आहे, मत्सर आहे, आधार आहे आणि वेळप्रसंगी दगाही आहे. 'आमची मैत्री म्हणजे दुधात साखर' असं म्हणणाऱ्या बायकांनी ही पुस्तकं जरूर वाचावीत. थोडं बोचेल, पण खोटं वाटणार नाही.

गोष्टीची सुरुवातच अशी आहे. लीला ६६ व्या वर्षी घरातून नाहीशी होते. कपडे नाहीत, कागद नाहीत. फोटोंमधून तिनं स्वतःला कापून काढलंय. आपली काही खूण राहू नये हीच तिची इच्छा. एलेनाला त्याचा राग येतो आणि ती लिहायला बसते, बघू कोण जिंकतं ते! म्हणजे जिला नाहीसं व्हायचंय तिची गोष्ट दुसरी लिहितेय, तिला न विचारता.

आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. लीला एक पत्र्याची पेटी एलेनाच्या हवाली करते. आत आठ वह्या. नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून सांभाळायला दिलेल्या. वाचू नकोस म्हणून बजावते. एलेना अर्थातच वाचते. वाचून थक्क होते, त्यातले उतारे पाठ करते. आणि एका संध्याकाळी पुलावर जाऊन ती पेटी नदीत ढकलून देते.

लीलाची स्वतःच्या हातची बाजू होती हो. आठ वह्या होत्या. ती बाजू नदीत गेली. पुढची सगळी पानं आपण वाचतो ती पेटी ढकलणारीच्या हातची. ते पान वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मला माझी मैत्रीण आठवली.

इथे मला थोडं स्वतःविषयी सांगावं लागेल. आमच्या सोसायटीत माझी एक मैत्रीण होती. आमची ओळख मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत झाली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयं उभी केली, त्यातली ही मोठी. लोखंडी कपाटं, आणि वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून जाड काचेची जमीन. आम्ही दोघी आपापल्या कार्डावर पुस्तकं घ्यायचो आणि आठवड्यानं अदलाबदल करायचो. म्हणजे एका खेपेत दुप्पट वाचन. जिन्यात भेटलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय वाचतेयस?" तब्येत, मुलं, स्वयंपाक हे सगळं त्यानंतर.

१९ वर्षांपूर्वी सोसायटीतल्या महिला मंडळाची ती खजिनदार होती. नवरात्राच्या हिशेबात १,१५० रुपयांची पावती लागत नव्हती. वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि विचारलं. बँकेतली बाई, आकडा जुळला नाही तर मला घास गिळत नाही. पावती मंडपवाल्याकडे राहिली होती, दोन दिवसांत मिळालीही. प्रश्न मिटला. पण तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. पुढे काही वर्षांनी ती लेकीकडे नाशिकला कायमची गेली, तेही मला तिसरीकडून कळलं.

ही गोष्ट मी १९ वर्षं अनेकांना सांगितली. माझ्या तोंडून ती अशी असायची, मी खरं ते बोलले, आणि खरं बोललं की माणसं तुटतात. ऐकणारे मान हलवायचे. सोबतीला माझ्याकडे प्रेमचंदांचा दाखलाही होता. 'पंच परमेश्वर' ही त्यांची १९१६ मधली कथा. हिंदी शाळेत शिकलेल्यांना पाठच असेल. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी यांची जिवाभावाची मैत्री. धर्म वेगळा, खाणंपिणं वेगळं, पण विचार एक. जुम्मन हजला गेला तर घर अलगूच्या भरवशावर टाकून. जुम्मननं म्हाताऱ्या मावशीची मिळकत आपल्या नावावर करून घेतली आणि मग तिची आबाळ केली. मावशीनं पंचायत बोलावली आणि पंच म्हणून नाव घेतलं ते अलगूचं. मैत्री बिघडेल म्हणून न्यायाची गोष्ट बोलणार नाहीस का, असा तिचा सवाल. अलगूनं निकाल मित्राच्या विरुद्ध दिला. मैत्री तुटली. पुढे अलगूच्या बैलाचं प्रकरण पंचायतीपुढे आलं. समझू साहूनं उधारीवर नेलेला बैल राबवून राबवून मारला आणि पैसे द्यायला नाकारले. त्या वेळी पंच म्हणून जुम्मन बसला. त्या जागेवर बसल्यावर त्यालाही सूड घेता आला नाही. निकाल अलगूच्या बाजूनं लागला आणि दोघं गळ्यात पडून रडले.

मी स्वतःला अलगू समजत होते. आता फक्त माझ्या जुम्मनला अक्कल यायची बाकी आहे, अशी माझी पक्की समजूत. पण या वर्षी ती कथा पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की ही कथा ना अलगू सांगतो, ना जुम्मन. सांगणारा तिसरा आहे, त्यामुळे दोघांच्याही मनात आपल्याला शिरता येतं. आणि जुम्मनला न्याय कळतो तो कुणाच्या भाषणानं नाही, स्वतः त्या जागेवर बसल्यावर. मी कधी मैत्रिणीच्या जागेवर बसले होते का? १९ वर्षांत एकदाही नाही. माझी पेटी तर मी रोज उघडून लोकांना दाखवत होते. तिची पेटी कुठे होती?

एका जुन्या शेजारणीकडून नंबर मिळवला. नंबर लिहिलेला कागद चार दिवस फ्रिजवर लावून ठेवला. पाचव्या दिवशी दुपारी फोन केला. तिनं आवाज लगेच ओळखला. हवापाण्याचं झालं, मुलांचं झालं. मग मीच म्हटलं, "अगं, त्या सभेत मी विचारलं, त्याचा तुला इतका राग आला?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "विचारलंस त्याचा नव्हता गं. तू विचारणारच. पण आदल्या दिवशी तुझ्या घरी दुपारभर आपण दोघी पापड लाटत बसलो होतो. तेव्हा का नाही विचारलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पापड लाटल्याचं मला आठवतच नव्हतं. माझ्या गोष्टीत ती दुपार नव्हतीच. माझी गोष्ट सभेपासून सुरू व्हायची, तिची आदल्या दुपारपासून. आकडा माझा बरोबर होता, तारीख चुकली होती.

मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "जाऊ दे आता." पुन्हा दोघी गप्प. मला वाटलं, आता ही फोन ठेवणार. तेवढ्यात तिनं विचारलं, "काय वाचतेयस?"

मी उत्साहानं सांगितलं, "चिमणरावाचे चऱ्हाट काढलंय पुन्हा." तर म्हणते कशी, "वाच वाच. ते माझंय. सभेच्या आदल्या महिन्यात नेलं होतंस."

मी धावत जाऊन पुस्तक उघडलं. पहिलं पान चिकटलेलं होतं. हलकेच सोडवलं तर आत तिचं नाव आणि तारीख! १९ वर्षं मी जे पुस्तक माझं म्हणून मिरवत होते, मघाशी तुमच्यापुढेही 'माझ्याकडची प्रत' म्हणाले, ते तिचं होतं. म्हणजे हिशेब मागणारीकडेच थकबाकी निघाली. पुस्तकाला बाइंडिंग करून घेतलं आणि नाशिकला कुरियर केलं. पोचपावती जपून ठेवली आहे.

तुम्हाला वाटेल आता सगळं पूर्वीसारखं झालं. तसं नाही. १९ वर्षांचं अंतर एका फोननं भरत नाही. आम्ही महिन्यातून एकदा बोलतो, कधी विषय संपतो, कधी ती मध्येच गप्प होते. होम्सचं तिला मुळीच पटलं नाही. तिचं म्हणणं, वॉटसनच खरा शहाणा, रागावला नाही म्हणून गोष्ट पुढे चालली. वाद चालू आहे. पण आता वादाला दोन बाजू आहेत.

शेवटी पुन्हा बडोद्याकडे येते. सुदाम्याची गोष्ट आपण कीर्तनात ऐकत आलो. पण आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे ती प्रेमानंदाच्या 'सुदामाचरित्रा'तून घरोघर पोचलेली आहे. प्रेमानंद सतराव्या शतकातला, याच आपल्या शहरातला. तांब्याच्या घटावर अंगठ्यांनी ताल धरून आख्यान सांगायचा. मी गुजराती शाळेत शिकले, त्यामुळे त्याचं आख्यान लहानपणी कानावर पडलं. द्वारकेत दोघं मित्र भेटतात. एक राजा, एक दरिद्री. पोह्यांची पुरचुंडी सगळ्यांना आठवते. मला त्याहून आवडतो तो दोघांच्या बोलण्याचा भाग. सांदीपनींच्या आश्रमातले दिवस, लाकडं आणायला रानात गेलो तेव्हाचा पाऊस. एक जण एक आठवण काढतो, दुसरा तिला जोड देतो, मग पुढची आठवण. आळीपाळीनं. कृष्णानं सोन्याची नगरी दिली ती नंतर. आधी दोघांनी मिळून एकच आठवण दोन्हीकडून धरली, जशी ओली साडी पिळताना दोघी दोन टोकं धरतात.

वर्षभरात २७ पुस्तकं वाचून मला एवढंच कळलं. पुस्तकात एकानं सांगितलं तरी चालतं, कारण दुसऱ्याला विचारायची सोय नसते. गुंड्याभाऊला फोन लावता येत नाही. लीलाच्या वह्या नदीतून काढता येत नाहीत. कॉन्राडिनला हान्सनं विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आपल्याला मात्र ती सोय आहे, जोवर आहे तोवर.

आता गणपती येताहेत. घरोघर आरतीला माणसं येतील, कित्येक जुने चेहरे दिसतील. त्यातला एखादा चेहरा असा असेल, की ज्याची गोष्ट आपण अनेक वर्षं आपल्याच बाजूनं सांगत आलो आहोत. प्रसाद हातावर ठेवताना त्याला, तिला एवढंच विचारा, तुझ्याकडून ती गोष्ट कशी आहे? उत्तर आवडेलच असं नाही. मला कुठे आवडलं होतं? पण खातं पुरं होईल.

आणि हो, घरी गेल्यावर आपापल्या कपाटातल्या पुस्तकांचं पहिलं पान जरूर उघडून बघा. कुणाचं नाव निघेल सांगता येत नाही.

 गणपती बाप्पा मोरया!